‘वॉकर’ या आडनावाविषयी वाचकांचे प्रश्न

धंद्यावरून पडलेल्या इंग्रजी आडनावांविषयी या सदरात लिहू लागल्यापासून मला ज्या एका आडनावाबद्दल सर्वांत जास्त पत्रे येतात, ते स्मिथ नव्हे आणि टेलरही नव्हे. ते वॉकर आहे. स्मिथ म्हणजे लोहार आणि टेलर म्हणजे शिंपी हे पुष्कळांना ठाऊक असते. वॉकरचा अर्थ मात्र आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येकालाच वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. एकाच गैरसमजाची पत्रे फिरून फिरून येत असल्यामुळे या वेळी त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा लीड्सला शिकतो. त्याच्या वॉकर आडनावाच्या मित्राच्या घरी असे सांगतात, की त्यांचे पूर्वज राजाचे निरोप पायी पोहोचवत असत. इंटरनेटवर मी वाचले, की वॉकर म्हणजे जंगलात गस्त घालणारा शिपाई. यातले खरे काय? (नागपूर)

उत्तर : पहिले साफ चुकीचे आहे आणि दुसऱ्याला आधार नाही. वॉकर म्हणजे मागावरून उतरलेले लोकरी कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर.

जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कन’ असे क्रियापद होते. घोळणे, लोळवणे, उलटसुलट करणे हा त्याचा अर्थ. त्यावरून कापड घोळणाऱ्याला ‘वेअल्केरे’ म्हणत आणि त्याचेच पुढे वॉकर झाले. ‘वॉक’ म्हणजे पायी चालणे हा अर्थ इंग्रजीत तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ होत गेला; म्हणजे धंद्याचे नाव आधीचे आणि चालण्याचा अर्थ नंतरचा. जर्मन भाषेत ‘वाल्केन’ या क्रियापदाचा कापड किंवा नमदा मळणे, दाबणे हा अर्थ आजही टिकून आहे.

धंदा काय होता हे समजल्याशिवाय नाव समजणार नाही. मागावरून निघालेले लोकरी कापड विरळ, तेलकट आणि लोकरीच्या मूळच्या चरबीने ओशट असते. ते हौदात घालून त्यावर पाणी, विशिष्ट प्रकारची माती आणि बहुतेक वेळा शिळे मानवी मूत्र ओतत. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी कापतो. मग माणसे हौदात उतरून कापड तासन्‌तास तुडवत. त्याने कापड स्वच्छ तर होईच, शिवाय लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखे घट्ट बसत, कापड आटे, जाड होई आणि वारा-पाऊस अडवण्याजोगे बने. आटलेले कापड नंतर उघड्यावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवत. त्या आकड्यांना टेंटरहुक म्हणत, आणि जीव टांगणीला लागला आहे असे सांगताना इंग्रज आजही ‘टेंटरहुकांवर आहे’ असे म्हणतो, ते यावरूनच.

आता एक बारकावा, जो लोकप्रिय संकेतस्थळे सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या तुडवणगिरण्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. टेम्पलर योद्ध्यांच्या ११८५ सालच्या मालमत्तेच्या नोंदीत त्यांचा उल्लेख आहे. त्यांत पायांचे काम लाकडी हातोडे करू लागले. सामान्य माणसांची आडनावे वंशपरंपरेने स्थिर झाली ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांत, उत्तरेकडे तर त्याहूनही उशिरा. तेव्हा ज्या माणसावरून एखाद्या घराला वॉकर हे आडनाव मिळाले, तो स्वतः हौदात कधी उतरलाही नसेल. तो गिरणी चालवत असेल. काम यंत्राने बदलले तरी नाव जुन्या कामाचेच राहिले. उत्तर इंग्लंडमध्ये अशा गिरणीलाही ‘वॉक मिल’ असेच म्हणत.

गस्तीच्या शिपायाबद्दल इतकेच, की राखीव जंगलाचा एकेक भाग सांभाळणाऱ्या माणसाला पुढच्या काळात वॉकर म्हणत असत हे खरे आहे, परंतु आडनावाचा उगम त्यात आहे असे जाणकार अभ्यासक मानत नाहीत. खरी पर्यायी शक्यता वेगळीच आहे. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीला लागून वॉकर नावाचे गाव होते, जे आज शहराचाच भाग आहे. त्या नावाचा अर्थ ‘भिंतीजवळची पाणथळ जागा’ असा आहे. थोड्या घरांचे आडनाव त्या गावावरून आलेले असू शकते. आपल्या मुलाच्या मित्राचे घराणे कोणते, हे त्याच्या घरचे जुने दाखले पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या गैरसमजाला एका चित्राचाही हातभार लागला आहे. स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक येथील किराणा व्यापारी जॉन वॉकर (१८०५–१८५७) यांच्या नावाच्या व्हिस्कीसाठी टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ साली लांब टांगा टाकत चालणाऱ्या माणसाचे चित्र काढले. जाहिरात म्हणून कल्पना उत्तम होती, पण आडनावाचा अर्थ त्या बाटलीवर वाचायचा नसतो.

प्रश्न : मराठीत वॉकर लिहावे की वॉल्कर? (सातारा)

उत्तर : वॉकर. ‘एल’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत.

प्रश्न : मी एक्सेटरला नोकरी करतो. येथे टकर्स हॉल नावाची जुनी वास्तू आहे आणि ती कापड तुडवणाऱ्यांची आहे असे कळले. मग टकर आणि वॉकर यांच्यात फरक काय? आमच्या कार्यालयात एक फुलरही आहेत. (एक्सेटर, इंग्लंड)

उत्तर : धंदा एकच, बोली तीन. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, म्हणजे डेव्हन आणि सॉमरसेटमध्ये, या कारागिराला टकर म्हणत. दक्षिणेस आणि पूर्वेस, ससेक्स, केंटपासून ईस्ट अँग्लियापर्यंत, फुलर म्हणत. आणि उत्तरेस, म्हणजे यॉर्कशर, लँकशर, पश्चिम मिडलँड्स आणि पुढे स्कॉटलंडमध्ये, वॉकर म्हणत. चौदाव्या शतकातील एखादा कापडकरी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला असता तर त्याच्या धंद्याचे नाव वाटेत दोनदा बदलले असते. फुलर हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’ याच्या कुळातला आहे. टकर हा जुन्या इंग्रजीतील ‘तूकियन’, म्हणजे छळणे, हाल करणे, या क्रियापदावरून आला. कापडाचे जे हाल होत, ते पाहता हे नाव मला नेमके वाटते. आपल्याकडेही कापड ठोकून त्याला गुळगुळीत, चकचकीत करण्याच्या क्रियेला कुंदी म्हणतात आणि माणसाला बदडून काढले तरी कुंदी काढली असेच म्हणतात. कुंदीची प्रक्रिया निराळी आहे, तिचा संबंध लोकर आटवण्याशी नाही. पण दोन्ही भाषांनी कापडाचा मार माणसाच्या माराशी जोडला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपण पाहिलेली वास्तू १४७१ सालची असून ती विणकर, तुडवणारे आणि कापडाची लव कातरणारे यांच्या संघाची होती. ती आतून अवश्य पाहा. वेल्समध्ये गेलात तर पँडी नावाची गावे भेटतील. वेल्श भाषेत ‘पँडी’ म्हणजे तुडवणगिरणी. टोनिपँडी हे खाणकामगारांच्या संघर्षासाठी गाजलेले नावही त्यातलेच.

स्कॉटलंडचा उल्लेख केला आहे तर तिथल्या एका प्रथेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पश्चिमेकडील बेटांवर बायका लांब फळीभोवती बसून ओले कापड तालात आपटत, घोळत, पुढे सरकवत आणि त्या तालावर गॅलिक भाषेत गाणी म्हणत. एक जण ओळ म्हणे, बाकीच्या ध्रुपद धरत. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही गाणी ऐकताना दळणाची पहाट आठवावी इतके त्यांचे नाते श्रमाशी घट्ट आहे. या गाण्यांची ध्वनिमुद्रणे विसाव्या शतकात झाली, म्हणून ती आज ऐकता येतात. गॅलिक भाषेत ‘मॅक अन उखकतर’ अशा उच्चाराचे, ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ या अर्थाचे आडनाव होते. त्याचेही इंग्रजी रूप करताना पुष्कळांनी वॉकर लिहिले.

प्रश्न : मुलतानी मातीला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात. फुलर नावाच्या शास्त्रज्ञाने ती शोधली का? (सांगली)

उत्तर : नाही. वर सांगितलेला कापड तुडवणारा फुलर जी माती हौदात घाली, ती फुलरची माती. तेल आणि चरबी शोषून घेण्याचा जो गुण कापडाला उपयोगी पडला, त्याच गुणासाठी आपण ती चेहऱ्याला लावतो. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील नटफील्ड भागात आणि बाथच्या आसपास तिच्या खाणी होत्या. कापडधंद्यासाठी ती इतकी मोलाची होती, की परदेशी विणकरांच्या हाती पडू नये म्हणून तिच्या निर्यातीवर कायद्याने बंदी होती. कातडीला ती सोसते की नाही, हे मात्र त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : माझ्या मुलीने लग्नासाठी निवडलेला मुलगा मँचेस्टरचा आहे, आडनाव वॉकर. आमच्या नात्यातले एक गृहस्थ म्हणतात, की वॉकर म्हणजे त्यांच्याकडचे धोबी किंवा कोष्टी, तेव्हा विचार करा. आपले मत काय? (पुणे)

उत्तर : आपल्या नात्यातल्या गृहस्थांनी दोन चुका केल्या आहेत आणि त्यांतील दुसरी गंभीर आहे. वॉकर धोबीही नव्हे आणि विणकरही नव्हे. तो कापडाच्या प्रवासातला विणकरानंतरचा कारागीर. ही झाली पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे इंग्रजी धंदेवाचक आडनावाला जात समजणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये उच्चनीचता होती, भूदासपद होते, गावच्या जमीनदाराची सक्ती होती; पण कापड तुडवणाऱ्याच्या मुलाने कापडच तुडवावे आणि तुडवणाऱ्याच्याच मुलीशी लग्न करावे असे जन्माने बांधणारे काही त्यात नव्हते. १३७९ साली माणशी कर बसवला गेला, त्याच्या यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातील याद्या चांगल्या टिकल्या आहेत आणि त्यांत पुष्कळांचे धंदे लिहिलेले आहेत. आडनाव एका धंद्याचे आणि प्रत्यक्ष धंदा दुसराच, अशी माणसे त्यात तेव्हाच सापडतात. त्यानंतर साडेसहाशे वर्षे गेली. आडनाव फक्त इतके सांगते, की बापाकडच्या ओळीत फार मागे कोणा एकाचा हा धंदा होता. त्या काळातले त्याचे बाकीचे असंख्य पूर्वज कोण होते, याबद्दल ते काहीच सांगत नाही. जावयाची माहिती हवी असेल तर त्याच्याशी, त्याच्या आईवडिलांशी बोला. आडनावाकडून ती मागू नका.

प्रश्न : वॉकर हे जगातले सर्वांत जास्त आढळणारे इंग्रजी आडनाव आहे असे वाचले. ते इतके का पसरले? (कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत जास्त नव्हे, तो मान स्मिथचा आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या महानिबंधकांनी १८५३ सालच्या आकड्यांवरून पन्नास सर्वाधिक आडनावांची यादी केली होती, तीत वॉकर पहिल्या वीसांत होते. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत ते २८व्या क्रमांकावर होते आणि सुमारे ५ लाख १ हजार लोक ते लावत होते. २०१० मध्ये संख्या वाढून सुमारे ५ लाख २३ हजार झाली, पण क्रमांक ३१वर घसरला, कारण दरम्यान स्पॅनिश आडनावांची संख्या फार वेगाने वाढली. क्रमांक घसरला म्हणजे आडनाव नाहीसे होत आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तुलनेसाठी, २०१० मध्ये स्मिथ २४ लाखांवर होते.

पसरण्याचे मूळ कारण लोकर. मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती मेंढ्यांच्या पाठीवर होती आणि कापड विणले जाई त्या प्रत्येक भागाला तुडवणारा लागे. त्यामुळे हे आडनाव एका घराण्यातून वाढलेले नाही; शेकडो गावांत ते स्वतंत्रपणे जन्मले. मग फुलर आणि टकर यांच्यापेक्षा वॉकर इतके जास्त का? माझ्या मते याचे उत्तर औद्योगिक काळात आहे. वॉकरांचा मूळ प्रदेश असलेले लँकशर आणि वेस्ट रायडिंग हेच गिरण्यांचे प्रदेश झाले, तिथली लोकसंख्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत भराभर वाढली आणि तिच्याबरोबर तिथली आडनावेही वाढली.

अमेरिकेत आणखी एक धागा मिळतो. तिथल्या वॉकरांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा वाटा मोठा आहे. गुलामगिरी १८६५ मध्ये संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी आडनावे घेतली किंवा आधीपासून आपापसात वापरत असलेली उघडपणे लावली. त्यांतील काही जुन्या मालकांची होती, काही नव्हती. केसांच्या प्रसाधनांचा मोठा उद्योग उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर (जन्म १८६७) यांचे माहेरचे नाव सारा ब्रीडलव्ह. वॉकर हे पतीचे आडनाव. आपल्या हिंदी चित्रपटांतले जॉनी वॉकर तर मूळचे बदरुद्दीन काझी, मुंबईच्या बसचे कंडक्टर. त्यांना पडद्यावरचे नाव मिळाले ते व्हिस्कीवरून. तेव्हा नाव पाहून वंश ठरवण्याची घाई कोणीही करू नये.

प्रश्न : मॉन्सूनच्या बातम्यांत ‘वॉकर सर्क्युलेशन’ येते. ते वॉकर आणि व्हिस्कीचे वॉकर एकाच घराण्यातले का? (लातूर)

उत्तर : आडनाव एक, म्हणून घराणे एक होत नाही. सर गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) हे १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते. दुष्काळाचा अंदाज आधी बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या हवामानाच्या नोंदींचे गणित मांडले आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे दाखवले. दाबाच्या या वरखाली होण्याशी निगडित असलेल्या वाऱ्यांच्या चक्राला पुढे त्यांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्म लँकशरमधील रॉचडेल या लोकरीच्या गावचा, म्हणजे ऐन वॉकरांच्या मुलखातला. तरीही केवळ जन्मगावावरून त्यांचे पूर्वज कापड तुडवत होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बडोद्याचे रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर, ज्यांच्या नावाने १८०७ चा काठेवाडचा करार ओळखला जातो, तेही स्कॉटलंडचे आणि आणखी वेगळे.

प्रश्न : जावई इंग्रज आहेत. एका संकेतस्थळावर ‘वॉकर घराण्याचे अधिकृत मानचिन्ह’ चौकटीत बसवून मिळते. भेट देण्यास योग्य आहे का? (ठाणे)

उत्तर : पैसे वाया घालवू नका. इंग्लंडमध्ये आडनावाला मानचिन्ह नसते. मानचिन्ह एका व्यक्तीला बहाल होते आणि तिच्या वंशजांकडे नियमाने जाते. हे काम १४८४ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेकडे आहे. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी लॉर्ड लायन यांचे न्यायालय आहे. इतिहासात वॉकर आडनावाच्या काही जणांना मानचिन्हे मिळाली. विक्रेते त्यांतील एक उचलतात आणि आडनाव लावणाऱ्या प्रत्येकाला विकतात. पाटील आडनावाच्या एखाद्या सरदाराची मोर्तब महाराष्ट्रातल्या सगळ्या पाटलांना विकण्यासारखेच हे आहे. ‘अधिकृत’ हा शब्द पाहिलात की अधिकृत कोणी केले ते विचारा. जावयांच्या घराण्याला खरोखर मानचिन्ह असावे असे वाटत असेल तर वरील संस्थेला पत्र लिहून चौकशी करता येते.

प्रश्न : माझे आजोबा वॉकर आडनावाचे अँग्लो-इंडियन, भुसावळला रेल्वेत होते. एका संकेतस्थळावर मला आमचा वंशवृक्ष सापडला. तो १०६६ मध्ये विल्यमबरोबर आलेल्या एका नॉर्मन सरदारापर्यंत जातो. हा वृक्ष छापून घ्यावा का? घरी जुन्या कागदांची एक पेटीही आहे, ती निवांतपणे पाहीन. एक दलाल म्हणतो, की या आडनावावर ब्रिटनचा व्हिसा मिळेल. (देवळाली)

उत्तर : वृक्ष छापू नका, पेटी आजच उघडा आणि दलालाला एक पैसाही देऊ नका. आपल्या पत्राला मी विस्ताराने उत्तर देत आहे, कारण गेली कित्येक वर्षे मला जी काळजी आहे ती सगळी या एका पत्रात आली आहे.

प्रथम तो सरदार. १०६६ साली इंग्लंड जिंकायला निघालेल्या विल्यमबरोबर फ्रान्समधील नॉर्मंडीतून आलेला नॉर्मन सरदार फ्रेंच बोलत होता. त्याला वॉकर हे अस्सल इंग्रजी, आणि तेही हौदात कापड तुडवणाऱ्याचे, नाव असण्याचे कारण नाही. शिवाय इंग्लंडमधील गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम निघाला १५३८ साली. त्याआधीच्या सामान्य घराचा बाप, आजा, पणजा असा अखंड धागा जमिनीच्या किंवा न्यायालयाच्या कागदांशिवाय लागत नाही आणि बहुतेकांचा लागतच नाही. मग हे वृक्ष येतात कुठून? कोणीतरी दोन वेगवेगळ्या जॉन वॉकरांना एकच मानतो, दुसरा ते उतरवून घेतो, तिसरा त्या दोघांचा दाखला देतो आणि थोड्याच काळात शंभर वृक्षांत एकच चूक दिसू लागते. शंभर ठिकाणी असलेली चूक ही एकच चूक असते, हे मी सांगून थकले, तरी सांगत राहीन. जॉन आणि वॉकर दोन्ही नावे इतकी सामान्य, की लँकशरच्या एकाच गावात एकाच वर्षी दोन जॉन वॉकर जन्मल्याचे पाहून कोणाला नवल वाटू नये. ज्या पिढीला दाखला नाही, तिथे वृक्ष संपला असे समजा.

आता पेटी. निवांतपणे पाहीन, हे वाक्य मी सर्वांत जास्त वाचते आणि त्याचेच मला सर्वांत जास्त दुःख होते. वाळवी निवांतपणाची वाट पाहत नाही. डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला १९२२ मध्ये आग लागली आणि आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचे बहुतेक कागद जळाले; इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत गेली. सरकारांची ही गत, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीची काय कथा! प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा, मागच्या बाजूची पेन्सिलीची नोंदही सोडू नका, आणि छायाचित्रे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. घरात जी सर्वांत वयस्कर मावशी किंवा आत्या असेल तिच्याकडे या आठवड्यात जा आणि आजोबांचे पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, पंथ कॅथलिक की अँग्लिकन, लग्न कोणत्या चर्चमध्ये झाले, हे लिहून आणा. माणसे कागदांच्या आधी जातात. कबरीवरचा मजकूरही पुढच्या पावसाळ्याआधी टिपून घ्या. आपल्याकडच्या दगडावर शेवाळ चढले की अक्षरे वाचता येत नाहीत.

त्यानंतर शोध मागे न्यायचा, कधीही पुढे आणायचा नाही. म्हणजे आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी दाखल्यानिशी मागे जायचे. कंपनी सरकारच्या आणि नंतर ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील चर्चमधील नोंदींच्या प्रती लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात आहेत, आणि मुंबई इलाख्याच्या नोंदी एन-३ या मालिकेत आहेत. भारतातील ब्रिटिश काळच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या सूचीत विनामूल्य शोध घेता येतो. दक्षिण आशियातील जुन्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवणारी एक संघटनाही १९७६ पासून कार्यरत आहे. मात्र सगळ्या नोंदी लंडनला पोहोचल्या असे समजू नका. मूळ वह्या पाहण्यासाठी आजोबांच्या चर्चच्या धर्मगुरूंना आधी पत्र लिहा आणि परवानगी घेऊन जा. धागा अडला तर भारतातील ब्रिटिश नोंदींची सवय असलेल्या व्यावसायिक वंशसंशोधकाचा सल्ला घ्या आणि त्यांनाही प्रत्येक पिढीचा दाखला मागा.

व्हिसाबद्दल मी सल्ला देण्यास पात्र नाही, परंतु एवढे निश्चित आहे, की आडनावावर कोणताही हक्क मिळत नाही. राष्ट्रकुलातील नागरिकांना पूर्वजांच्या आधारे मिळणाऱ्या ब्रिटिश व्हिसासाठी आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला असावा लागतो आणि तो कागदाने सिद्ध करावा लागतो. आजोबांचा जन्म भुसावळचा असेल तर त्यांच्या नावावर तो मार्ग बंद आहे. अधिक माहिती परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडूनच घ्या.

प्रश्न : डीएनए तपासणी करून मी इतर वॉकरांचा नातेवाईक आहे का हे कळेल का? (मुंबई)

उत्तर : अंशतः. पुरुषाचे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, जसे आडनाव जाते, म्हणून दोन पुरुषांची तुलना करता येते. परंतु लेस्टर विद्यापीठातील संशोधनात असे दिसले, की दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत हे गुणसूत्र पुष्कळदा जुळते, तर स्मिथसारख्या सर्रास आडनावात ते कोणाही दोन अनोळखी माणसांत जुळेल इतपतच जुळते. वॉकर दुसऱ्या गटातले आहे. विशिष्ट दोन घरांचे नाते तपासायचे असेल आणि कागद त्या दिशेने बोट दाखवत असतील तरच तपासणीला अर्थ आहे. शिवाय अशा तपासणीतून घरातील न सांगितलेल्या गोष्टी बाहेर येतात. तेव्हा घरच्यांशी बोलून आणि जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेऊनच पुढे जा.

प्रश्न : लग्नानंतर वॉकर आडनाव घेतले आहे. पासपोर्टवर जुने ठेवले तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : हा कायद्याचा प्रश्न आहे. पासपोर्ट कार्यालयात किंवा वकिलांकडे विचारा.

प्रश्न : कापड तुडवण्याची ती गिरणी आज कुठे पाहता येईल? (बर्मिंगहॅम, इंग्लंड)

उत्तर : लँकशरमधील हेल्मशोर येथे. १७८९ साली बांधलेली पाण्यावर चालणारी तुडवणगिरणी तिथे संग्रहालयाच्या रूपाने जपलेली आहे, आणि ओल्या कापडावर पडणारे तिचे प्रचंड लाकडी हातोडे आजही आहेत. संग्रहालय बारा महिने खुले असेलच असे नाही. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्या.